काम दिलं, पण ठरवायचं कोणी?

मला कायम वाटायचं की मी टीमला भरपूर मोकळीक देतो. काम वाटून द्यायचं, डेडलाईन सांगायची आणि मग दर दोन तासांनी "कुठपर्यंत आलं?" विचारायचं. टीममधली एक मुलगी चांगली हुशार, पण प्रत्येक बारीक गोष्टीला तिचा मेसेज, सर हा मेल पाठवू का, सर कॉलमला हे नाव ठेवू का. हिला स्वतःहून काही ठरवता कसं येत नाही म्हणून मी वैतागायचो. एकदा तिच्या रिपोर्टमध्ये मी केलेले बदल सहज मोजले तर 23 निघाले, त्यात खरी चूक म्हणावी अशा दोनच, बाकी सगळे "मी असं लिहिलं नसतं" म्हणून केलेले. मग ती विचारणारच ना!

त्यानंतर कस्टमरच्या तक्रारींचं सगळं काम तिच्याकडे दिलं, तक्रार आल्यापासून ती सुटून कस्टमरला कळवेपर्यंत. तुकडा नाही, अख्खं काम. कामाच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी 1970 च्या दशकात हेच मांडलं होतं, की काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात असेल आणि ते कसं करायचं हे आपण ठरवत असू तर माणूस मनापासून करतो. हां, पण गळ्यात मारून मोकळं होणं वेगळं. खर्च किती करायचा, कस्टमरला कुठला शब्द द्यायचा नाही, हे आधीच बसून बोललो.

पहिल्या रिव्ह्यूला वरिष्ठांनी विचारलं, जुना फॉरमॅट का बदलला? माझा हात माईकच्या बटणावर गेला होता. काढून घेतला. ती म्हणाली, "तो निर्णय माझा होता," आणि कारण नीट समजावून सांगितलं.

खरी परीक्षा पुढे होती. तिने केलेल्या एका बदलामुळे काही तक्रारी दोन दिवस तशाच पडून राहिल्या, आणि सगळं परत आपल्याकडे घ्यावं असं मला फार वाटलं. टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरच्या कामगाराला गडबड दिसली की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर मदतीला धावत येतो, पण त्याच्या हातातलं काम काढून घ्यायला नाही. मी फक्त विचारलं, "आता काय करायचं ठरवलंयस?" तिने त्याच संध्याकाळी सगळ्या कस्टमरना स्वतः फोन केले आणि पडून राहिलेल्या तक्रारींचा अलर्टही लावला, मी काही न सांगता.

मागच्या आठवड्यात ती सुट्टीवर गेली. जाताना एका नवीन मुलाला काम सोपवलं आणि ग्रुपवर टाकलं, "या आठवड्यातले निर्णय हा घेईल, सरांना विचारायची गरज नाही."

मी तो मेसेज दोनदा वाचला, आणि फार बरं वाटलं.