तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं कन्स्ट्रक्टरलाच का द्यायचं?

प्रोग्रामिंग शिकणारी मंडळी मला हमखास विचारतात, "आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवला आणि मग सेटरने (एकेक फील्ड भरणाऱ्या मेथडने) एकेक व्हॅल्यू भरली, तर काय बिघडलं?"

कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच चालणारा कोड; सेटर चालतात ते त्यानंतर. बिघडतं ते मधल्या वेळात. 'कालावधी' नावाचा क्लास घ्या. त्याला सुरुवातीची तारीख हवी आणि शेवटची हवी. तुम्ही सुरुवात भरलीत, पण शेवट भरण्याआधीच तो ऑब्जेक्ट दुसऱ्या मेथडकडे गेला. तिथे शेवटच्या तारखेच्या जागी नल (null, म्हणजे काहीच नाही) निघतो आणि प्रोग्राम कोसळतो. एरर दिसते एका फाईलमध्ये, चूक असते दुसरीकडेच. दोन्ही तारखा कन्स्ट्रक्टरने मागून घेतल्या, तर अर्धवट कालावधी जन्मालाच येत नाही. शेवट सुरुवातीच्या आधीचा असेल तर तिथल्या तिथे एक्सेप्शन टाकता येतं, म्हणजे चूक दाखवून काम थांबवता येतं. वर फील्ड फायनल ठेवली, म्हणजे एकदा भरल्यावर बदलता येणार नाही अशी केली, की पुढे कुठल्याच मेथडला तारखा नीट आहेत का अशी शंका घ्यावी लागत नाही. ही निश्चिंती मला फार मोलाची वाटते. क्लासला पॅरामीटर देण्याची सोय क्लास आणणाऱ्या सिम्युला ६७ या भाषेतही होती, म्हणजे ही कल्पना क्लासइतकीच जुनी आहे.

जावात आर्ग्युमेंटवाला कन्स्ट्रक्टर लिहिला, की कंपायलर आपणहून देतो तो बिनआर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर मिळेनासा होतो. नवखे त्या एररने बावरतात. पण कंपायलर बरोबरच सांगतोय: तारखा दिल्याशिवाय कालावधी मिळणार नाही.

पायथनमध्ये मात्र एक जागा जपा. पॅरामीटरची डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका. ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते, आणि ज्या ज्या ऑब्जेक्टला लिस्ट दिली नाही ते सगळे तीच एक वापरतात. तिथे None (म्हणजे 'काहीच नाही') द्या, लिस्ट फंक्शनच्या आत बनवा.

आर्ग्युमेंटच्या क्रमाचाही फटका बसतो. मी एकदा रुंदीच्या जागी उंची दिली होती. दोन्ही इंट (पूर्णांक), त्यामुळे कंपायलरने हूं की चूं केलं नाही. पायथन, कोटलिनमध्ये नावानिशी आर्ग्युमेंट देता येतात; तिथे मी ती तशीच देतो.

आर्ग्युमेंट सहा-सातवर गेली, की काही जण लगेच बिल्डर (व्हॅल्यू एकेक करून गोळा करून शेवटी ऑब्जेक्ट बनवणारा वेगळा क्लास) लिहायला घेतात. मी आधी जोड्या शोधतो. दोन तारखा सगळीकडे बरोबरीनेच फिरत असतील, तर त्यांचा कालावधी बनवून तो एकच पाठवावा. मग तारखा उलट्या दिल्या गेल्या, तरी कालावधीचा कन्स्ट्रक्टरच त्यांना दारात अडवतो.