सगळेच वार गुरुवार

गुरुवार, 26 डिसेंबर 2019

आज सकाळी ग्रहण. आईंनी रात्रीच पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकून ठेवली होती आणि ग्रहण सुटेपर्यंत गॅस पेटवायचा नाही असं बजावलं होतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, त्यात अमावस्या, त्यात हे. उद्यापन मी गेल्याच गुरुवारी उरकून घेतलं. दरवर्षी पाच सवाष्णींना ओटी, फळं, व्रताचं पुस्तक. यंदा ह्यांची नोकरी गेलेली, म्हणून एकेक केळं आणि पुस्तक. कुणी काही बोललं नाही. त्या पाचांतल्या दोघींच्या घरीही तेच चाललंय.

अकराला आंघोळी आटोपून चहा टाकला. हे खिडकीत बसून होते. कप देताना तोंडातून निघून गेलं, "आज काय, सुट्टीच की!" आणि जीभ चावली. भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. लग्न झाल्यापासून आमच्या घरात रविवार कधी नव्हताच. दळण गुरुवारी, बँक गुरुवारी, पाहुणे गुरुवारी. हे हसले. म्हणाले, "आता सगळेच वार गुरुवार."

ही डायरी ह्यांच्या कंपनीचीच. दर जानेवारीत एक मिळायची, लाल रेक्झिनची, वर सोनेरी अक्षरात मालकांच्या वडिलांचं नाव. हे कधी एक अक्षर लिहायचे नाहीत, म्हणून मी हिशेबाला घेतली. एका बाजूला ह्यांचा रकाना, एका बाजूला माझा फॉल-पिकोचा, खाली खर्च, आणि जागा उरली तर मनातलं. पाच दिवसांनी संपेल. पुढच्या वर्षी कुठे लिहायचं, हा प्रश्न आहेच. वाण्याने कॅलेंडर दिलंय, त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब मावतो तेवढाच.

लोक विचारतात, नोकरी कधी गेली? सप्टेंबरात, गणपतीनंतर, असं मी सांगते. पण मागची पानं चाळली तर ती जानेवारीनंतरच जायला लागलेली दिसते. जानेवारीत ह्यांची ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, 7,200. फेब्रुवारीत 5,100. मार्चमध्ये 2,300. एप्रिलपासून रकाना कोरा. पगार 19,000 चा, पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापून हातात सव्वासतरा हजार. मोशीच्या ह्या फ्लॅटचा हप्ता 12,600. उरले साडेचार हजार, त्यात पाच माणसं. कर्ज मंजूर झालं तेव्हा पगाराच्या चिठ्ठीवर ओटी धरून 26,000 दिसत होते, फायनान्सवाल्याने तेच धरले, आम्हीही तेच धरले. पगार हप्त्याचा आणि ओटी पोटाची, असं आमचं घर चालत होतं, आणि हे माझ्या लक्षात यायला ओटी बंद व्हावी लागली. तेव्हा कुणी हळहळलं नाही. उलट शेजारीण म्हणाली, बरं झालं, आता दादा वेळेवर घरी येतात.

ह्यांच्या कंपनीत ट्रकच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट व्हायचे. हे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर, अकरा वर्षं. मंदी म्हणजे काय ते मला समजावताना ह्यांना चार चहा लागले. 2018 च्या जुलैत सरकारने ट्रकवर आणखी माल भरायला परवानगी दिली, त्यामुळे पाच ट्रकांचं काम चारात भागायला लागलं. त्याच सप्टेंबरात आयएल अँड एफएस नावाची मोठी फायनान्स कंपनी कर्ज फेडता न आल्याने अडकली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडला. येत्या एप्रिलपासून बीएस-सहाच्याच, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्याच, गाड्या विकायच्या, म्हणून ज्याला घ्यायची तोही थांबला. यंदा ऑगस्टमध्ये कार आणि तसल्या गाड्यांची विक्री 31 टक्क्यांहून जास्त पडली असं पेपरात आलं तेव्हा ह्यांनी तो पेपर घडी करून ठेवला. सप्टेंबरात कंपन्यांचा कर तिसाचा बावीस टक्के केला तेव्हा टीव्हीवर फटाके फुटल्यासारखा आवाज चालला होता. हे म्हणाले, "कर कमी झाला, पण माझ्या शाफ्टला गिऱ्हाईक कुठाय?"

वरच्या मोठ्या कंपनीत ब्लॉक क्लोजर लागला, म्हणजे काही दिवस काम बंद ठेवलं, की तिला सुटे भाग देणाऱ्या खालच्या सगळ्या शेडमध्ये शेड्यूल कोसळतं. जुलैत हेल्परना ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. पोरं बिहारची, लातूरची, परभणीची. खोली सोडून गेली. ऑगस्टमध्ये ठेकेदाराची माणसं गेली. पर्मनंटला हात लावणार नाहीत, असं हे म्हणत राहिले.

अनंत चतुर्दशी गुरुवारी होती. शुक्रवारी, 13 तारखेला, सात जणांना ऑफिसात बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. राजीनामे टाइप करून तयार होते, नुसती सही करायची. 'मी स्वखुशीने.' सही केली तर ग्रॅच्युइटी लगेच, नाही केली तर कोर्टात भेटू. हे सही करून आले. मी तेव्हा भांडले, आता भांडत नाही. त्या दिवशी हप्त्याला बावीस दिवस उरले होते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मीच मांडला. बेसिक 10,400, भागिले 26, म्हणजे दिवसाचे 400. पंधरा दिवसांचे 6,000. अकरा वर्षांचे 66,000. दोन चेकमध्ये मिळाली, दुसरा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. तीन हप्ते त्यातूनच गेले. पीएफला अजून हात लावलेला नाही. एक महिना बेकारी झाली की पाऊण रक्कम काढता येते, ह्यांच्या मित्रांनी काढलीसुद्धा. पण गेल्या वर्षी त्यावर 8.65 टक्के पडलेत, आणि तो पैसा मोबाइलवर फॉर्म भरला की खात्यात येतो, म्हणजे एकदा आला की तो संपणारच, हे मला ठाऊक आहे. माझं एक गंठण सोनाराकडे न जाता बँकेत गहाण गेलंय. आईंना ते कपाटात आहे असं वाटतं. किंवा वाटत असल्याचं त्या दाखवतात.

ईएसआयची मात्र मेहेरबानी म्हणायची. मला वाटलं होतं नोकरी गेली की दवाखाना गेला. मोहननगरच्या ईएसआय दवाखान्यात आईंच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, एप्रिल ते सप्टेंबरचे पैसे कापले गेलेत ना, मग जानेवारी ते जून दवाखाना चालेल. त्यांनीच सांगितलं की नोकरी गेलेल्यांना 90 दिवस, पगाराच्या चौथाई हिशेबाने पैसे द्यायची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही आहे. फॉर्म आणला. नोकरी का सुटली, त्याची जागा आली आणि ह्यांनी पेन खाली ठेवलं. कागदोपत्री 'स्वखुशीने' ना. फॉर्म देव्हाऱ्याच्या खणात आहे.

काय काय बंद झालं ते इथे लिहिणार नव्हते, पण क्रम गमतीचा आहे. आधी केबलचे जास्तीचे चॅनेल. मग गाडी, हे मोशीहून भोसरीपर्यंत चालत जायला लागले, म्हणाले पोट कमी होतंय. मग धाकट्याचा कराटे. मग कांदा, पण तो सगळ्यांचाच बंद झालाय, शंभराच्या वर गेलाय, त्यामुळे आमचे बिनकांद्याचे पोहे कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. थोरलीचा दहावीचा क्लास बंद होणार नाही, ह्यावर आम्ही दोघं न बोलताच एक झालो. भिशीही चालू ठेवलीय. महिना हजार. भिशी सोडली की बिल्डिंगभर कळतं, आणि मग वाणी वहीत लिहायला कुरकुर करतो. हजार रुपये भरून मी दोन हजारांची उधारी राखते, असा तो व्यवहार आहे.

पूर्वी असं काही झालं की गाव असायचं. केज तालुक्यात आमच्या दिरांची पाच एकर आहे, दिवाळीनंतर ज्वारीचं पोतं यायचं. यंदा काढणीच्या वेळी पाऊस थांबेना, सोयाबीनला शेंगेतच कोंब आले. भावजींनी फोन केला तो उलट ह्यांच्याकडेच काही जमतंय का विचारायला. ह्यांनी दोन हजार पाठवले. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी रागावले नाही, पण त्या दिवशीचा रकाना भरला नाही.

दुपारी माझं मशीन अडलं. पिकोचं, टाके सुटत होते. मिस्त्री बोलवायचा म्हणजे अडीचशे. हे उठले, त्यांची ती लोखंडी पेटी काढली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. व्हर्निअर, मायक्रोमीटर, फिलर गेज, सगळं तेल लावून पिवळ्या कापडात गुंडाळलेलं. खाली बसून सुईदांडा सोडवला, हूकचं अंतर बघितलं. म्हणाले, "किती बाहेर चाललंय हे, तुला आवाजावरून कळलं नाही?" मला कसं कळणार. अर्ध्या तासात मशीन असं चालायला लागलं की मला त्याचा आवाजच ओळखू येईना. मग समोरच्या वहिनी त्यांचं घेऊन आल्या. त्यांच्याकडून पैसे घ्यायला हे तयार नव्हते, वहिनींनी टेबलावर 150 ठेवले आणि दार ओढून गेल्या. नोटा संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या. आईंनी उचलून देवासमोर ठेवल्या, मग मी उचलल्या.

रांजणगावहून ठेकेदाराचा फोन आलाय. बारा तास, 14,500, बस त्यांची. सोमवारी बघायला बोलावलंय. हे काही बोलले नाहीत, फक्त बस मोशीत कुठे थांबते ते विचारून घेतलं.

आजचा हिशेब. माझ्याकडे जमा: फॉल-पिको तीन साड्या, 240. ह्यांच्याकडे, दिवाळीनंतर पहिल्यांदा: 150. खर्च: दूध 24, कोबी 15, मशीनचं तेल 20. कांदा पाव किलो, 30.