बैलाच्या तोंडापुढची जागा

आठवीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली आणि दोन दिवस मी ते घरी कुणाला सांगितलंच नाही. वर्गात माझा हात चांगला म्हणून नाव होतं. तांब्या, पेला, टेबलावरची संत्री मी हुबेहूब उतरवायचो. वह्यांवर नावं घालायला मुलं माझ्याकडे यायची. स्मरणचित्राच्या पेपरला मी पोळ्याचा विषय निवडला होता, आणि नागपूरच्या मुलाला पोळा काही आठवावा लागत नाही. झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आंब्याच्या पानांचं तोरण, फेटेवाले, ढोल असं सगळं त्या एका कागदावर घातलं. बैल तर असा दणकट काढला की तो या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरला.

परीक्षेचा कागद परत मिळत नसे. निकालानंतर चित्रकलेच्या सरांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि म्हणाले, "तिथं काढलं तसंच इथं काढून दाखव." तीन संध्याकाळी बसून मी ते पुन्हा काढलं. आमच्या शाळेत चित्रकलेची खोली जिन्याखाली होती. पश्चिमेकडे एकच खिडकी. हिवाळ्यात चार-साडेचारचं ऊन थेट टेबलावर यायचं आणि रंगाच्या ताटल्यांमधलं पाणी छतावर हलत दिसायचं.

सर मुलांच्या चित्रावर कधीही हात चालवत नसत. काही दाखवायचं असलं की चित्रावर बटर पेपर ठेवायचे, वरच्या दोन कोपऱ्यांना टाचण्या लावायचे आणि त्या पारदर्शक कागदावर पेन्सिलीने काढायचे. खाली आमचं चित्र जसंच्या तसं. माझ्या पोळ्यावर त्यांनी बटर पेपर ठेवला, पण पेन्सिल उचलली नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"बैल झकास आहे," ते म्हणाले. "पण हा चालला कुठी?"

मी म्हणालो, "तोरणाखाली, सर."

"तोरण तर मागं आहे. याचं तोंड इकडे, कागदाच्या कडेला लागलं ना. पुढं जागाच नाही त्याले. उद्या घरून तुझा लाकडाचा बैल घेऊन ये."

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, माझा बैल वीतभर उंचीचा, चाकांचा, एक शिंग चिकटवलेलं. दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलावर कोरा कागद आडवा ठेवला आणि त्यावर तो बैल, डावीकडे तोंड करून, नाकपुडी बरोबर कडेला टेकवून. वर्गाला विचारलं, "आता काय होईल?" मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, "पडल." मग सरांनी बैल बोटाने मागे ढकलला. चाकं कुरकुरली. दोन बोटं जागा झाली, मग चार, मग टीचभर. "आता?" आता तो चालतोय असं वाटत होतं. खरंच वाटत होतं, बैल तोच आणि कागद तोच असूनही. मग सरांनी त्याला आणखी मागे नेलं, शेपटी उजव्या कडेला लागेपर्यंत, आणि पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर मी दिलं, "आता कोणी तरी मागून हाकलून राहिलं असं वाटते, सर." सर हसले. माझं सी ग्रेडचं दुःख त्या क्षणी गेलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

त्या दिवशी आम्हाला चित्राच्या रचनेचा पहिला पाठ मिळाला. जो जिकडे बघतो किंवा चालतो, तिकडे त्याला जागा लागते. चित्रातलं तोंड, बोट, काठी, बंदूक, रस्त्याचं वळण, सगळं बघणाऱ्याची नजर कुठे तरी पाठवत असतं. ती नजर कागदाबाहेर निघून गेली तर बघणारा परत येत नाही. मी पोळ्यात तेच केलं होतं. बैल नजरेला घेऊन कडेबाहेर चालला होता आणि मागचे फेटेवाले, ज्यांच्या चेहऱ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता, कुणाला दिसलेच नव्हते.

पुढचे दोन महिने सरांनी आम्हाला रंगाला हात लावू दिला नाही. काळ्या घोटीव कागदाचे तीन तुकडे दिले, एक मोठा, एक मधला, एक नखाएवढा, आणि पांढऱ्या कागदावर ते न चिकटवता नुसते सरकवायला सांगितले. सुरुवातीला सगळ्यांनी ते सारख्या अंतरावर ओळीत मांडले, कपाटात बरण्या लावाव्या तसे. सर प्रत्येकाच्या बाकापाशी थांबायचे आणि एकच तुकडा थोडासा हलवायचे. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं भरणं नव्हे, हे त्यांनी महाराजबागेतल्या सी-सॉवरून समजावलं. जाडा पोरगा मध्याकडे सरकून बसला आणि बारका अगदी टोकाला बसला तर फळी आडवी राहते. मोठा काळा तुकडा मध्याच्या जवळ, आणि नखाएवढा दूर कोपऱ्याकडे एकटा, अशी मांडणी केली की कागद तुमच्या डोळ्यांदेखत स्थिर होतो. हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. माझ्या मुलीला मी ते जेवणाच्या टेबलावर डबीचं झाकण, वाटी आणि एका मटाराच्या दाण्याने करायला लावलं होतं.

जानेवारीच्या एका रविवारी सर आम्हा दहा-बारा जणांना सायकलींवर फुटाळ्याला घेऊन गेले. सोबत प्रत्येकाची एक 'खिडकी' होती. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून काटकोनात कापलेले दोन तुकडे, चिमट्यांनी जोडलेले, म्हणजे चौकट लहान-मोठी आणि उभी-आडवी करता येते. एक डोळा मिटून त्यातून बघायचं. तलावाकाठी उभं राहिलं की सगळंच घ्यावंसं वाटतं, पाणी, पलीकडची झाडी, म्हशी, धुणं, आभाळ. खिडकी डोळ्यांसमोर धरली की निवड करावीच लागते. मी क्षितिज बरोबर मधोमध घेतलं होतं. सर म्हणाले, "दोन चादरी शिवल्यासारखं झालं. आज बोलतं कोण आहे, आभाळ की पाणी? जे बोलतं त्याले जास्त जागा दे." त्या दिवशी आभाळ नुसतं फिकं होतं आणि पाण्यात म्हशींच्या पाठी चकाकत होत्या. मी खिडकी खाली झुकवली. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागावर गेलं आणि चित्र एकदम श्वास घ्यायला लागलं.

कागदाचे आडवे तीन आणि उभे तीन भाग करायचे, आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर किंवा त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणायची, हा ठोकताळा आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातही जाळी बनून आलेला आहे. फार नंतर वाचनात आलं की या नियमाला 'तृतीयांशाचा नियम' हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये, गावाकडच्या निसर्गदृश्यांवर लिहिताना दिलं. सर मात्र त्याला नियम म्हणत नसत. "सवय म्हणून कर, मग मोडायची तेव्हा कळून मोड," असं म्हणायचे. आज एखादं देवघराचं किंवा राज्याभिषेकाचं चित्र असेल तर मुख्य मूर्ती मधोमधच शोभते, आणि मध्य निवडण्यातही तेवढाच विचार लागतो, हे मला त्या वयात कळलं नव्हतं.

मध्याचं खरं सामर्थ्य मात्र सरांनी दाखवलं. बर्डीच्या बाजारातून आणलेलं लिओनार्दो दा विंचीच्या 'द लास्ट सपर'चं, येशूच्या शेवटच्या भोजनाचं, एक छापील चित्र त्यांनी फळ्यावर लावलं. येशू बरोबर मध्ये आणि दोन्ही हातांना सहा-सहा शिष्य. सरांनी आम्हाला शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे दिले. छताच्या तुळयांवर, दोन्ही भिंतींवरच्या पडद्यांच्या वरच्या कडांवर दोरा ताणून धरायचा आणि पुढे कुठे जातो ते बघायचं. एकेक मुलगा येऊन दोरा धरत होता. सगळे दोरे येशूच्या डोक्यापाशी, उजव्या कानशिलावर येऊन मिळाले. सरांनी तिथे एक टाचणी टोचली आणि सगळे दोरे तिला गुंडाळले. मग शिष्य मोजायला लावले. बारा जण एका ओळीत, तरी ओळ वाटत नाही, कारण ते तिघा-तिघांच्या चार घोळक्यांत बसले आहेत. जुन्या चित्रांत येशूचा विश्वासघात करणारा जुडास टेबलाच्या अलीकडे एकटा बसवत. लिओनार्दोने त्याला सगळ्यांमध्येच बसवलं, फक्त मागे कलता आणि सावलीत.

कित्येक वर्षांनी मी वाचलं की मिलानमधल्या एका मठाच्या भोजनगृहातल्या मूळ 'द लास्ट सपर'मध्ये, सुमारे ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर लांब अशा त्या भित्तिचित्रात, येशूच्या उजव्या कानशिलावर खिळ्याचं भोक सापडलेलं आहे. लिओनार्दोने तिथे खिळा ठोकून सुतळ्या ताणल्या आणि दिशारेषा आखल्या. मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. जिन्याखालच्या खोलीत सरांनी टाचणी टोचली होती ती नेमकी त्या जागी. त्यांना त्या भोकाबद्दल ठाऊक होतं की नाही, ते मी त्यांना कधी विचारू शकलो नाही.

सर स्वतः नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात शिकलेले. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये होते आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचाच, हे ते घरच्या माणसांची माहिती द्यावी तसं सांगायचे. रझांचं मन लहानपणी भटकायचं, तेव्हा त्यांच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. ही आठवण रझा पुढे आयुष्यभर सांगत राहिले, आणि त्यांच्या चित्रांतला तो मोठा काळा बिंदू सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही सरांनी एका तासाला कागदावर फक्त एक ठिपका काढायला लावला होता. मधे काढला तर तो गप्प बसतो, वरच्या कोपऱ्यात काढला तर सुटून जायला बघतो, खाली काढला तर दमून बसल्यासारखा वाटतो. त्या तासाला वर्गात फार हसाहशी झाली, पण ठिपक्याला वजन असतं हे माझ्या बोटांना तेव्हापासून कळतं.

छटांचा अभ्यास मे महिन्याच्या सुट्टीत झाला. सकाळी सात ते नऊ, कारण त्यानंतर नागपुरात उन्हात उभं राहवत नाही. व्हरांड्यात बसून, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर, शाईच्या तीनच छटा: कागदाचा पांढरा, पाणी घातलेली करडी, आणि दाट काळी. डोळे किलकिले करून बघायचं. डोळे बारीक केले की पानं, विटा, कपड्यांवरची फुलं नाहीशी होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. सर सांगायचे की हे तुकडे नीट बसले असतील तर त्यावर कुठलाही रंग चढतो, आणि बसले नसतील तर महागडी रंगपेटीही कामाची नाही. मी या शब्दांवर पुढे कितीदा आलो, सांगता येणार नाही. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जिथे शेजारी येतात तिथे नजर आपोआप जाते. म्हणून ती जागा कोणाला द्यायची हे आधी ठरवायचं.

नववीत इंटरमिजिएटच्या परीक्षेत मी मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक काढली. परीक्षेच्या कागदावर आधी काडेपेटीएवढ्या चार चौकटी आखून चार रचना करून बघितल्या आणि चौथी घेतली. मारबत उजवीकडे, वरपर्यंत गेलेली, काळी. तिच्यासमोर गर्दी दुभंगून झालेली रिकामी, उन्हाने पांढरी पडलेली वाट. डाव्या कोपऱ्यात एक लहान मूल, पाठमोरं. चेहरे मोजून पाचच रंगवले, बाकी नुसते फेट्यांचे आणि टोप्यांचे ठिपके. बी ग्रेड आली. सर म्हणाले, "वाट चांगली सोडली."

गेली सत्तावीस वर्षं मी एका दैनिकात पानं लावतो. मुख्य बातमी कुठे, छायाचित्र किती मोठं, मथळ्याभोवती किती जागा सोडायची, हे रोज रात्री अकरा ते एकच्या दरम्यान ठरतं. रंग आणि कुंचला सुटले, पण काळ्या कागदाचे ते तीन तुकडे मी रोजच सरकवतो. एका पोळ्याला पहिल्या पानासाठी फार सुंदर छायाचित्र आलं होतं. एक म्हातारा शेतकरी, सजवलेला बैल, आणि बैलापुढे ओला, मोकळा रस्ता. ऐनवेळी जाहिरात वाढली आणि छायाचित्र डावीकडून चार सेंटिमीटर कापायचं ठरलं. मी मथळा दोन ओळींचा एक ओळीत आणला, बाजूची चौकट आतल्या पानावर पाठवली, आणि रस्ता तसाच ठेवला. उपसंपादकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बैलापुढे जागा लागते. त्यांनी वाद घातला नाही.

आठवीत काढलेला तो पोळा अजून माझ्याकडे आहे. सरांनी शेवटी त्यावरच्या बटर पेपरवर पेन्सिल चालवली होती. बटर पेपर आता पिवळा पडलाय, पण टाचण्या तशाच गंजून बसल्या आहेत आणि सरांनी बैल जिथे मागे घेतला ती रेघ स्पष्ट दिसते. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी मी दोन्ही कागद शाळेला देतो आहे. बटर पेपरचा डावा कोपरा वाळवीने खाल्लेला आहे. फ्रेम करणाऱ्याला तो सरळ कापून टाकावासा वाटेल. कृपया कापू देऊ नये. बैलाचं तोंड त्याच बाजूला आहे.