पश्चिमेचं ऊन, पूर्वेची गॅलरी

मी इमारतींचे फोटो काढतो. लग्न नाही, बारसं नाही. नाशकात असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे फ्लॅटचे?" हो, फ्लॅटचेही. आर्किटेक्टचे पोर्टफोलिओ, हॉटेलं, मधूनच एखादी वायनरी. आणि काम नसेल त्या संध्याकाळी गोदाघाट.

धंदा शिकलो तोही घाटावरच. पहिली दोन वर्षं माझ्या प्रत्येक फोटोत पाण्यावरचं निर्माल्य झकास यायचं आणि देऊळ धूसर. कारण मी फोकस पाण्यावर लावायचो. प्रतिबिंब पाण्यावर नसतंच. नारोशंकराच्या देवळाचं शिखर पाण्यात टिपायचं तर कॅमेऱ्यापासून पाणी आणि पाण्यापासून शिखर अशी सगळी वाट धरून तेवढ्या लांबचा फोकस लावावा लागतो. तेच काळ्या दगडाचं. काळाराम मंदिरासमोर कॅमेरा आपल्या मनाने सोडला तर तो त्या दगडाला उजळून करडा करून टाकतो, सिमेंटचं देऊळ असल्यासारखा. उजेडाचं माप, म्हणजे एक्स्पोजर, एक-दीड स्टॉप खाली ओढावं तेव्हा कुठे काळा दगड काळा दिसतो. या दोन गोष्टी मला कुणी शिकवल्या नाहीत, रोलच्या रोल वाया घालवून शिकलो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या फेब्रुवारीतली एक दुपार. अशोक स्तंभाकडून जुन्या गावात शिरणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत नवी ऑफिस-बिल्डिंग झाली होती, पाच मजली. आर्किटेक्ट तरुण, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्याला ती इमारत एका स्पर्धेला पाठवायची होती. तोंड पश्चिमेला. दोन्ही अंगांना दगडी लाद्या आणि मधोमध पायापासून माथ्यापर्यंत पाचेक मीटर रुंदीची आरशासारखी काच. समोर नऊ मीटरचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एक जुना वाडा. कौलारू, सागवानी खांबांचा, पहिल्या मजल्यावर लांबलचक लाकडी गॅलरी. गॅलरीच्या मधोमध पत्रा ठोकलेला. भावाभावांत वाटणी झाली की वाड्यांना असे पत्रे उगवतात.

सकाळी आतले फोटो उरकले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दर्शनी भागावर ऊन येतं दुपारनंतर, म्हणून तीन वाजता रस्त्यावर ट्रायपॉड लावला. आर्किटेक्टची फर्माईश होती, "दादा, काचेत तारा आणि टपरी नको." मी लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिल्टर, चढवून फिरवला. विशिष्ट कोनातून बघितलं तर पोलरायझर काचेवरची चमक जवळजवळ पुसून टाकतो, हे खरं. पण मग काचेमागचं दिसायला लागतं. दुसऱ्या मजल्यावर टीव्हीचे रिकामे खोके, तिसऱ्यावर एक झाडू आणि कुणाचा तरी डबा. त्याला व्ह्यूफाइंडरमधून दाखवलं. म्हणाला, "तारा चालतील."

टपरी उरली. ती वाड्याच्या उजव्या टोकाला, भिंतीला टेकून. चहावाल्याने समोर एक फ्लेक्स आडवा बांधला होता, कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा. भाऊंचं तोंड आतल्या बाजूला, चहाकडे. मागचा पांढरा कोरा भाग रस्त्याकडे, आणि तोच खालच्या काचेत ढळढळीत दिसत होता.

"दहा मिनिटं काढता का हा?"

"तुम्ही त्या बिल्डिंगचे?"

"फोटोवाला आहे."

"काढतो की," तो म्हणाला. घड्याळ बघितलं आणि जरासा हसला. "पण मग तुम्ही इथंच उभे राहा."

उभा राहिलो. टपरीला पाठ लावून, कॅमेरा काचेकडे. साडेतीनला पाच-सात मिनिटं कमी असतील. तिसऱ्या मजल्याच्या काचेची कड पेटली, मग सगळी काच. व्ह्यूफाइंडरमध्ये सूर्य! सूर्य माझ्या पाठीमागे, वाड्याच्या कौलांवर होता आणि तोच समोरून डोळ्यांत घुसत होता. फोटो तर गेलाच, लेन्सवर नुसता पांढरा धूर. मागे वळलो तर टपरीतलं दुधाचं पातेलं, बरण्या, खारी, चहावाल्याचं अर्धं तोंड सगळं झगझगीत. पूर्वेकडे तोंड करून बसलेला माणूस दुपारी साडेतीनला डोळे मिचकावत होता.

"गणपतीनंतर सुरू झालं हे," तो म्हणाला. "या टायमाला गिऱ्हाईक थांबत नाही. वॉचमन म्हणतो, दूध फुकट तापतंय तुझं." भाऊ पुन्हा जागेवर बांधले गेले.

लंडनमधली गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. २०१३ मध्ये तिथल्या एका आत वळलेल्या काचेच्या टॉवरने ऊन एकवटून खाली लावलेल्या जग्वार गाडीचे भाग वितळवले होते. आमची इमारत सपाट, त्यामुळे वितळणं वगैरे काही नाही. पण गणित तेच. सूर्य पश्चिमेला जितका वर, तितक्याच उतारावरून काच त्याला पश्चिमेकडे खाली परत पाठवते. सूर्य उतरत जाईल तसा परतलेला कवडसा समोरच्या भिंतीवर चढत जाणार, आणि त्या दिवसांत उजवीकडून डावीकडे सरकणार. मी मोबाइलवर वेळ लावून टपरीच्या वरच्या भिंतीवर बघत बसलो. मिनिटाला सहा-सात सेंटिमीटर. चालताना दिसतो, अक्षरशः.

आणि तो साधा चौकोन नव्हता. हल्लीची काच दुहेरी असते, मध्ये हवा कोंडलेली. ती हवा तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि काच तिच्यामागे केसभर आत-बाहेर होते. डोळ्याला काच सपाटच दिसते, पण तिने टाकलेलं ऊन खोटं बोलत नाही. वाड्याच्या चुना उडालेल्या भिंतीवर ओळीने चौकटी पडल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत प्रकाशाची एक वाकडी फुली. चार टोकं ताणलेली, मध्ये गाठ. घाटाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या पोटाला पाण्याचा उजेड अशीच जाळी विणतो. फरक इतकाच की पाण्याची जाळी थरथरते, ही शांतपणे वर चढत होती.

चारच्या सुमाराला पहिली चौकट गॅलरीच्या कठड्याला लागली आणि पत्र्याच्या उजव्या भागातून एक आजी बाहेर आल्या. नऊवारी, हातात सूप. जमिनीवर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेलाच होता. त्यांनी वर बघितलं नाही की समोर बघितलं नाही. बरोबर जिथे ऊन येणार होतं तिथे सूप ठेवून बसल्या. दोन मिनिटांनी ऊन आलं.

मी खालून ओरडलो, "आजी, वर येऊ का? फोटो काढायचाय."

"माझा कशाला?"

"उन्हाचा."

"मग ये," म्हणाल्या.

दोर धरून चढायचा जिना, त्यात बॅग आणि ट्रायपॉड. वर पोचलो तेव्हा सूप अर्ध्या हाताने आत सरकलं होतं. त्यात गव्हाच्या कुरडया, वर्षाच्या पहिल्या. ओलसर होत्या अजून, शेवयांच्या वेटोळ्यांतून उजेड आरपार जात होता आणि त्या कडांना पिवळसर काचेसारख्या दिसत होत्या. खाली लुगड्यावर प्रत्येक कुरडईच्या दोन सावल्या. एक गडद, एक तिच्या शेजारी पुसट, बोटभर सरकलेली. आजींच्या हातालाही दोन, बांगडीलाही दोन. समोरच्या दोन काचा एका रेषेत बसलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण मी पंचवीस वर्षं उन्हात काम करतोय, एका वस्तूला उन्हाच्या दोन सावल्या मी पहिल्यांदा बघितल्या.

"आजी, याचा त्रास नाही होत?"

"त्रास कसला? सकाळचं ऊन नेलं ना त्यांनी." समोर हात केला. "पूर्वी सात वाजता देवघरापर्यंत यायचं. आता ती बिल्डिंग ओलांडून वर येईतो अकरा वाजतात, आणि तेव्हा ते वळचणीच्या आत शिरत नाही. नेलं ते नेलंच. हे थोडं परत करतात. कडक नाही, पण असतं पाऊण तास. दोन दिवसांच्या कुरडयांना चार दिवस लागतात."

माझ्या डोक्यात एकदम सगळी चौकट उलटली. मी सकाळपासून ज्या काचेचा फोटो काढत होतो, तिचं काम समोरच्या भिंतीवर चाललं होतं, आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून उभा होतो.

वाड्याचा पूर्ण दर्शनी भाग घ्यायचा तर जागा एकच होती: समोरच्या इमारतीचा तिसरा मजला. खाली धावलो, रस्ता ओलांडला. लिफ्ट पाचव्यावर अडकलेली, म्हणून जिना. वॉचमनला वाटलं काही चोरीला गेलं. तिसऱ्यावरचे झाडू आणि डबा बाजूला केले, कॅमेरा काचेजवळ नेला, पोलरायझरने आतली चमक मारली. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. उन्हाला धरून एक्स्पोजर लावला आणि बाकीचं अंधारात जाऊ दिलं. सागवान काळं पडलं, कौलं काळी, टपरी काळी. आणि त्या काळोखात फुल्यांची तिरकी ओळ, तिच्या वरच्या टोकाला सुपावर वाकलेल्या आजी. त्यांनी सूप उचलून आणखी वीतभर मागे घेतलं तेव्हा शटर दाबला. मग पुन्हा. अकरा फोटो मिळाले. पावणेपाचला ऊन गॅलरीच्या मागच्या भिंतीवर चढलं, आजी सूप घेऊन आत गेल्या.

त्या संध्याकाळी घाटावर जाणार होतो, नाही गेलो.

आर्किटेक्टने चार दिवसांनी फोटो बघितले. दर्शनी भागाचे आवडले, संध्याकाळचे दिवे लागलेले फार आवडले. वाड्याचा फोटो आला तेव्हा तो म्हणाला, "यात बिल्डिंग कुठंय?"

"भिंतीवर."

बराच वेळ बघत राहिला. किती वाजताचा, रोज असं होतं का, टपरीवरही येतं का, सगळं विचारलं. स्पर्धेला तो फोटो लावला नाही, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, स्पर्धेचे पैसे त्याने भरले होते. पण फाइल मागून घेतली. पंधरा दिवसांनी त्याने टपरीवर कापडी छत बांधून दिलं, स्वतःच्या खर्चाने. काचेपुढे उभ्या पट्ट्या लावाव्यात का, हे मालकाशी बोलतो म्हणाला. मालकाने अजून काही केलेलं नाही.

मी प्रिंट काढून आजींना द्यायला गेलो तेव्हा मार्चचे दोन आठवडे संपले होते. प्रिंट त्यांनी लांब धरून बघितली. स्वतःपेक्षा कुरडयाच जास्त बघितल्या. मग म्हणाल्या, "हे ऊन सरकायला लागलंय रे. परवापासून त्या खांबापर्यंतच येतंय."

ते होणारच होतं. सूर्य उत्तरेकडे सरकतो, तसा कवडसा दक्षिणेकडे. मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप असतं, आमच्या कामात ते लागतंच. तारीख पुढे पुढे करत त्यांना दाखवलं. "एप्रिलच्या शेवटाला तुमच्याकडून जवळजवळ जाईल. तिकडे." मी पत्र्याकडे बोट केलं. "पलीकडच्या गॅलरीत. ऑगस्टच्या मध्यानंतर परत तुमच्याकडे, पण तेव्हा पाऊस."

"म्हणजे उडदाचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या, सगळं व्हायच्या वेळी?"

"हो."

पलीकडे त्यांची जाऊ राहते. किती वर्षं बोलणं नाही हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पत्र्याच्या फटीतून पलीकडची तुळस दिसत होती आणि एक रिकामी दोरी. आजींनी फटीतून जरा डोकावून गॅलरीची लांबी मापल्यासारखं केलं, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं,

"नक्की कुठल्या तारखेपासून म्हणालास?"