डंजनेसची बिनकुंपणाची बाग

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या हाइथहून सुटणारी गाडी अगदीच बुटकी. रुळांमधलं अंतर १५ इंच, डब्यात वाकून शिरायचं, पुढे मात्र खरंखुरं वाफेचं इंजिन. लोकांच्या परसांना लागून धावत ती तासाभरात डंजनेसला पोचते. उतरलं की समोर नुसते गोटे, वारा आणि पाठीमागे अणुवीज केंद्राचे ठोकळे.

ब्रिटिश चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मनचं ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ लांबूनच ओळखू येतं. डांबर फासलेल्या काळ्या फळ्या, हळदीसारख्या पिवळ्या खिडक्या. १९८६ च्या अखेरीस त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याच सुमारास त्यानं कोळ्याचं हे लाकडी घर घेतलं. बागेला कुंपण घातलंच नाही. बाग कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी वाकून बराच वेळ बघत राहिले. गारगोट्यांची वर्तुळं. उभे रोवलेले ओंडके, एकावर गंजकी साखळी, दुसऱ्यावर भोकाच्या दगडांची माळ. मधे सी-केल फुललेलं, कोबीच्याच कुळातलं. पान बोटांना मेणचट लागतं. यातलं बरंचसं इथल्याच किनाऱ्यावर सापडलेलं. सिनेमेही तो असेच करायचा. लंडनच्या स्लेड या कलाविद्यालयात चित्रकला शिकलेला हा माणूस सुपर एटचा घरगुती कॅमेरा घेऊन मित्रमंडळींना चित्रित करत सुटला. ‘कॅराव्हाजिओ’मधलं रोम लंडनच्या गोदी भागातल्या एका गोदामात उभं राहिलं. ‘द गार्डन’ तर याच गोट्यांवर.

माझ्यासाठी मात्र जार्मन म्हणजे ‘ब्लू’. १९९३ साल. दृष्टी जात चाललेली, म्हणून पडद्यावर तासाहून जास्त वेळ फक्त निळा रंग, आणि आवाज: इस्पितळातलं ताटकळणं, औषधं, गेलेले मित्र. पंधरा मिनिटांनी मी बघायचं सोडून ऐकायला लागले, आणि मग तो निळा हलायला लागला. याला सिनेमा कसं म्हणायचं, असं विचारणाऱ्यांशी मी आजही भांडते.

पुढच्याच फेब्रुवारीत तो गेला, बावन्नाव्या वर्षी. २०२० मध्ये देणग्यांतून ३५ लाख पौंड उभे राहिले, म्हणून हे घर वाचलं.

दक्षिणेकडच्या भिंतीवर लाकडी अक्षरांत जुन्या इंग्रजी कवी जॉन डनची कविता आहे. पहाटे उठवायला आलेल्या सूर्याला प्रियकर खडसावतो, ती. ऊन पडलं होतं आणि प्रत्येक अक्षराची बारीक सावली शेजारच्या फळीवर उतरली होती. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी अजून दुसऱ्याच कडव्यावर होते.