तुम्ही विचारलंत म्हणून: भांडी घासताना येशूचं गाणं

“तुम्ही ना चर्चला जाता, ना देवळात. मग रात्री भांडी घासताना येशूचं तेच एक गाणं काय लावता?” घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. गाणं म्हणजे ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’, अमेरिकन गायिका महालिया जॅक्सनच्या आवाजातलं.

ते लिहिणारा थॉमस डॉर्सी शिकागोतला कृष्णवर्णीय पियानोवादक. तरुणपणी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने चांगली चावट ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातली, गाणी करायचा. (मला तीही आवडतात.) ऑगस्ट १९३२ मध्ये तो एका धर्मसभेत गायला मोटारीने सेंट लुईसला निघाला. गाण्यांची बॅग घरीच राहिली म्हणून परत फिरला. दिवस भरलेली बायको, नेटी, गाढ झोपली होती. तिला न उठवता तो पुन्हा निघाला. सभेतच तार आली: नेटी बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. मायलेकरांना एकाच पेटीत पुरलं. त्यानंतर काही दिवसांनी, एका जुन्या भजनाच्या चालीवर, हे गाणं झालं.

माझी आई गेली तेव्हा येणारा प्रत्येक जण समजूत घालत होता. ‘सुटली बिचारी.’ ‘त्याच्या मनात तसंच असेल.’ मी मान हलवायचो. हे गाणं समजूत घालत नाही. गाणाराच थकलाय, पायांत त्राण नाही; तो फक्त हात धर म्हणतो. देवाने धरला की नाही, ते शेवटपर्यंत कळत नाही. तुकोबा ‘चालविसी हाती धरूनिया’ म्हणतात तेव्हा हात हातात आलेला असतो. तिथवर माझी मजल नाही. डॉर्सीचा हात अजून पुढे केलेलाच आहे.

आणि महालियाची लय! एकेका शब्दावर ती इतकी रेंगाळते की ठेका धरायला उचललेलं बोट तसंच अधांतरी राहतं. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी, मेम्फिसच्या मोटेलमध्ये गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, मार्टिन ल्युथर किंग एका सॅक्सोफोनवादकाला सांगत होते, आज सभेत हेच वाजव, छान वाजव. त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी ते महालियाने गायलं.

एका गाण्यात माझी ताटं-वाट्या होतात. कढईसाठी पुन्हा पहिल्यापासून लावतो.