यादीत नाव नाही म्हणून?

"तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नाही ना बाई, मंग तुमी कायले बोलता?"

कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी आहे, म्हणून काल समाजमंदिरात बैठक होती. वीटभट्टीवरची, छत्तीसगडहून आलेली एक बाई बोलायला उठली, तर आपल्यातल्याच एका काकांनी तिला असं अडवलं.

ती बसली नाही. म्हणाली, "कोइला के धुर्रा तो हमर लइका के थारी म घलो गिरथे."

तिची झोपडी ट्रकांच्या रस्त्याला अगदी लागून आहे. आपण निदान दार लावून घेतो. तिच्याकडं दाराच्या जागी ताडपत्री आहे. लेकराच्या ताटात सगळ्यात आधी धूळ पडते ती तिच्याच.

काकांना राग येऊ नये, पण अशा सुनावण्या कशा घ्यायच्या हे सांगणारी, केंद्र सरकारची पर्यावरण मंजुरीबाबतची २००६ ची अधिसूचना वाचा. सुनावणीला हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती आणि खुलासा मागता येतो. मतदार यादीची अट त्यात कुठंच नाही. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांच्या भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवावा लागतो. त्यात तिचं बोलणं आलंच पाहिजे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यातली कितीतरी उपाशीतापाशी पायी परतली. तिथं त्यांना कोणी "तुमी कोण?" विचारलं, तर आपल्या जिवाला लागतंच ना?

भट्टीवर मजुरी हजार विटांमागं मिळते, सुनावणीला आलं की दिवस बुडाला. त्या दिवसाची भरपाई मिळावी म्हणून भट्टीमालकाशी बोलायला जातोय. सोबत कोण येतं?